अकरा एकांची संख्या वहीत फुटली

नुसत्या एकांनी बनलेल्या संख्या हाताने मूळ अवयवांत फोडत मागच्या नोंदीत पाच एकांपर्यंत आलो होतो: ११,१११ = ४१ × २७१. (आमच्या ग्वाल्हेरचा पिन ४७४००१ यालाही ४१ ने भाग जातो. उजवीकडून पाच-पाच अंकांचे गट पाडून बेरीज करा, ४ + ७४००१ = ७४००५ = ४१ × १८०५.) आता ११,११,११,११,१११. अट तीच, कॅल्क्युलेटर नाही.

वर्गमूळ एक लाख पाच हजारांच्या पुढे. सरसकट भागत बसलो तर जन्म जाईल. पण ११ स्वतः मूळ संख्या असल्याने या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव २२क + १ असाच असतो: २३, ६७, ८९, १९९, ३३१, ३५३... दुसरी चाळणी मला जास्त आवडते. आपल्या संख्येची नऊपट म्हणजे १०^११ - १, म्हणून तिच्या अवयवाने भागल्यावर १०^११ ची बाकी १ यायची, म्हणजे १०^१२ ची बाकी १०. याचाच अर्थ १० ही बाकी एका वर्गाची, १०^६ च्या वर्गाची. हे जमायला त्या अवयवाला ४० ने भागून १, ३, ९, १३, २७, ३१, ३७ किंवा ३९ उरायला हवेत. २३, ३३१, ३५३ भागाकार न करताच बाद. ६७, ८९, १९९ मात्र तपासावे लागतात.

तपासायलाही अकरा अंकी भागाकार नको. १०^५ ची बाकी काढा, तिचा वर्ग करा, पुन्हा बाकी काढा, दहाने गुणा. शेवटी १ उरला की मासा गळाला.

बरेच दिवस कोरडे गेले. मग आला २१६४९. १०^५ ची बाकी १३४०४. तिचा वर्ग १७,९६,६७,२१६, त्याची बाकी २१६५. गुणिले दहा, २१६५०. एकच जास्त!

दुसरा अवयव ५,१३,२३९. तो मूळ आहे का, हे वेगळं पाहावं लागलं नाही. त्याचे अवयवही त्याच साच्यातले असणार, आणि त्याच्या वर्गमूळापर्यंतचे, म्हणजे ७१६ पर्यंतचे सगळे आधीच निकालात निघालेले.

एजी ऑफिसातून (महालेखापालांच्या कार्यालयातून) निवृत्त झालेले शेजारचे काका आमच्या लष्कर भागात हिशेबाला पक्के म्हणून प्रसिद्ध. त्यांनी वही पाहून एवढंच विचारलं, "ताळा घेतलास का रे?" घेतला. नवाचा: दोन अवयवांच्या अंकांची बेरीज ४ आणि ५ वर येते, ४ × ५ = २०, म्हणजे २; अकरा एकांची बेरीज ११, म्हणजे २. अकराचाही जुळला. मग म्हणाले, किल्ल्यावरच्या चतुर्भुज मंदिरात इ. स. ८७६ चं शून्य कोरलेलं, आणि तू खाली बसून नुसते एक मोजतोस.

पुढे तेरा एक. ५३ आणि ७९ लगेच सुटतात. उरलेल्या २६,५३,७१,६५३ साठी १६,२९० पर्यंत २६क + १ ची यादी करायला घेतली आहे. सतरा एकांना वहीत हात लावणार नाही, तिथला सर्वांत लहान अवयवच २०,७१,७२३ आहे.