थोडंसं

मंगळवार, रात्र. लाईट आत्ताच आली.

"तुमीच तं म्हनलं, थोडंसं लाव मून." पोरगं चिडून बोललं असतं तर बरं झालं असतं. खाली मान घालून बोललं, म्हणून संध्याकाळपासून तेच डोक्यात घोळतंय. त्याच्या तापणाऱ्या कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर थर्मल पेस्ट किती लावायची, ते मी फोनवर एवढ्या एका शब्दात सांगितलं होतं.

थोडंसं. मिठाला हा शब्द चालतो, कारण चाखून बघता येतं. इथं काय चाखणार?

हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा पात्यांचा धातूचा ठोकळा, उचलला तर दोन्हीकडं, प्रोसेसरच्या झाकणावर आणि हीटसिंकच्या तळाला, पोळीला तूप लावावं तशी पांढरी पेस्ट फासलेली. तीही अ‍ॅम्प्लिफायरच्या ट्रान्झिस्टरला लावतात ती, डबीतली. पेस्ट काही गारवा देत नाही. धातू कितीही गुळगुळीत दिसला तरी त्यावर बारीक खळगे असतात आणि त्यांत हवा अडकते. उष्णता वाहून नेण्यात हवेचा आकडा ०.०२६, एमएक्स-४ सारख्या चांगल्या पेस्टचा कंपनी सांगते ८.५, तांब्याचा ४०० च्या घरात. म्हणजे पेस्ट हवेपेक्षा शेकडो पटींनी बरी, पण तांब्यापुढं काहीच नाही. खळगे भरण्यापुरतीच ती हवी. त्याहून जाड थर झाला की तोच आडवा येतो.

हे त्याला फोनवर सांगायला दोन मिनिटं लागली असती. दिवसभर सगळ्यांचेच फोन घ्यायचे, आणि चुकलं की आपलंच नाव. असो.

माप तर घरातच होतं. तुरीचा अख्खा दाणा. साधारण ५ मिमीचा तेवढा ठिपका बरोबर मधोमध ठेवायचा, बोट लावायचं नाही. ३० बाय ३० मिमीच्या झाकणावर तो दाबानं पसरला की थर जेमतेम ०.०७ मिमीचा होतो, वहीच्या कागदाएवढा. बोटानं पसरवलं की हवेचे बुडबुडे आत राहतात, वर हाताचं तेल लागतं ते वेगळंच.

जुनी पेस्ट आयपीएनं, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, पुसली. मोबाईल दुरुस्तीवाल्याकडं बाटली मिळते, ९९ टक्केवाली घ्यावी. पुसायला जुनी बनियन घेऊ नये, तंतू मागं राहतात. हीटसिंकच्या पात्यांत कापसाची अन् धुळीची गादीच बसली होती. ब्रशनं काढली. पंखा बोटानं धरून ठेवला, फुंकरीनं गरगरू दिला नाही.

आणि मग पुसता पुसता दिसलं. तीन कोपऱ्यांत पेस्ट दाबून बाहेर आलेली, चौथ्यात जशी फासली तशीच जाड, वर ब्रशच्या रेघासुद्धा शाबूत. तिथं हीटसिंक टेकलाच नव्हता. त्याला बोर्डावर धरून ठेवणाऱ्या चार पिनांतली एक बसलीच नव्हती.

म्हणजे पेस्ट जास्त झाली होती, हलकी होती, हे खरंच. पण दाब नीट असता तर जास्तीची बरीचशी कडेनं निघून गेली असती. चालू केल्याबरोबर काही सेकंदांत प्रोसेसरचं तापमान ९५ अंशांच्या पुढं जाणं हे टेकलं नसल्याचं लक्षण. धूळ अडली असेल तर आकडा हळूहळू चढतो. हे मला फोनवरच कळायला हवं होतं. "थोडंसं" पेक्षा मला हे जास्त लागलंय.

पिना समोरासमोरच्या कोपऱ्यांनी दाबायच्या, चारही वेळा टक्क आवाज यायला हवा. मग बोर्ड उलटा करून चारही टोकं पार बाहेर आलीत का, ते डोळ्यांनी बघायचं. आवाजावर भरवसा ठेवू नये.

खोलीत ३९ अंश होतं. थंडीत हीच खोली २५ ची असते. तो १४ अंशांचा फरक जवळजवळ तसाच प्रोसेसरच्या आकड्यात येतो, कुठलीच पेस्ट तो खात नाही. तरी पूर्ण भार दिल्यावर ७८ वर येऊन थांबलं. उद्या सकाळपासून फॉर्म भरणं चालू होईल.

निघताना त्याच्याच घरच्या डब्यातला तुरीचा दाणा काढला, शेजारी काचेवर पेस्टचा ठिपका ठेवला अन् त्याला फोटो काढायला लावला. आत्ता त्याचा मेसेज आलाय.

"लॅपटॉपले बी एवढंच का भाऊ?"

नाही. तिथं झाकणच नसतं, उघडी चिप असते. एखादा कोपरा कोरडा राहिला की तोच तापतो, म्हणून तिथं पातळ थर सगळीकडं हातानंच पसरवून घ्यावा लागतो. आणि पेस्ट जरा घट्ट हवी, पातळ असली तर गरम-गार होऊन कडेला सरकते.

लिहून पाठवलं. सगळं, मापासकट.