‘नाही’ हा शब्द डोक्यातून जात नाहीये

या सेमिस्टरला लॉजिक आणि मेटाफिजिक्सचे (म्हणजे जगात मुळात काय काय असतं, याच्या तत्त्वज्ञानाचे) तास लागोपाठ आहेत. लॉजिकच्या मॅडमनी ‘नाही’ पाच मिनिटांत संपवलं, विधानाच्या आधी छोटी नागमोडी खूण काढायची, खऱ्याचं खोटं होतं, खोट्याचं खरं, झालं ट्रुथ टेबल, म्हणजे खऱ्या-खोट्याचा तक्ता. पुढच्या तासाला तोच ‘नाही’ परत आला आणि आता आठवडा झाला तरी मी त्यातच आहे.

वैशेषिक या जुन्या भारतीय दर्शनात सात पदार्थ, म्हणजे जे जे आहे त्याचे सात मूळ प्रकार, असतात, द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय आणि सातवा अभाव. म्हणजे नसणं हीसुद्धा जगातली एक गोष्टच! या दर्शनाचे प्रवर्तक कणाद, त्यांच्या यादीत सहाच होते, अभाव नंतरच्यांनी घातला. मला आधी हा शब्दांचा खेळ वाटला, पण ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलही नकारात्मक तथ्यं, म्हणजे ‘अमुक नाही’ अशीही तथ्यं, असतात म्हणायचा आणि हार्वर्डला हे मांडलं तेव्हा जवळजवळ दंगल झाली असं त्यानेच सांगून ठेवलंय.

तर्कसंग्रह या न्याय-वैशेषिकाच्या छोट्या पाठ्यग्रंथात अभाव चार प्रकारचा आहे. त्यातले दोन मला आमच्या नारायण पेठेत सापडले. आमचा वाडा दिवाळीनंतर पाडला, रीडेव्हलपमेंटला गेलाय, सध्या नुसता पत्रे ठोकलेला प्लॉट आहे. नवी बिल्डिंग अजून नाही, हा प्रागभाव, त्याला सुरुवात नसते पण शेवट असतो, बिल्डिंग उभी राहिली की तो संपला. वाडा आता नाही, हा प्रध्वंसाभाव, याला सुरुवात आहे आणि शेवट कधीच नाही, कारण उद्या कोणी अगदी तस्साच वाडा बांधला तरी तो दुसरा वाडा असेल. एकाच जागेवर दोन ‘नाही’ आणि दोन्ही वेगळे! ट्रुथ टेबलमध्ये दोघांना तीच एक खूण.

अजून एक मुद्दा आहे तो मला सगळ्यात आवडला. अभाव नेहमी कशाचा तरी असतो, ज्याचा असतो तो प्रतियोगी, आणि प्रतियोगी माहीत असल्याशिवाय अभाव कळतच नाही. रविवारी आजीला घेऊन तिकडे गेले होते. रस्त्याने जाणाऱ्यांना मोकळा प्लॉट दिसत होता. आजी पत्र्याच्या फटीतून बघत म्हणाली, “हौद नाही गं. आणि ती जिन्याखालची मोरी पण नाही.”