थेटफर्डचा एक शनिवार

बाबा नाशिकहून महिनाभरासाठी माझ्याकडे आले, तेव्हा त्यांच्या वहीत इंग्लंडमधल्या दोनच ठिकाणांची नावं होती. एक लंडन, दुसरं थेटफर्ड. लंडन सगळेच लिहून आणतात. थेटफर्ड वाचून मी विचारलं, "बाबा, हे कुठून काढलंत?" म्हणाले, "अगं, टॉमस पेनचं गाव. जोतीराव फुल्यांनी ज्याचं 'राइट्स ऑफ मॅन' वाचलं, तो कुठल्या गल्लीत वाढला ते बघायचंय मला." पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेल्या माणसाला नाही म्हणायची माझी छाती नव्हती. मे महिन्यातला एक शनिवार धरला आणि निघालो.

शनिवार मुद्दाम. थेटफर्डचा बाजार मंगळवारी आणि शनिवारी भरतो आणि शनिवारी वस्तुसंग्रहालयही उघडं असतं. इंग्लंडमधल्या छोट्या गावांची संग्रहालयं आठवड्यातले काही दिवस बंद असतात, हिवाळ्यात तर वेळा आणखी आखडतात. म्हणून तिकीट काढण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर वेळ पाहून घ्या. आम्ही नॉटिंगहॅमहून नॉरिचच्या गाडीने थेट गेलो, सव्वादोन-अडीच तास लागतात. लंडनहून येणाऱ्यांनी किंग्ज क्रॉसवरून केंब्रिज किंवा ईली गाठावं आणि तिथे नॉरिचची गाडी पकडावी. केंब्रिजहून पाऊण तास धरा. स्टेशनावरून गावाच्या मध्यापर्यंत पायी दहा मिनिटं. गाव नॉरफकमध्ये आहे, पण सफकची हद्द इतकी जवळ की गाडीतल्या बाईंनी आम्हाला दोन्ही परगण्यांची नावं सांगितली.

स्टेशनावरून चालत आलं की पहिल्यांदा भिंती दिसतात. इथे बांधायचा दगड मिळत नाही, मिळते ती चकमकीची गार. काळी, चकाकती, फोडली की काचेसारखी धार येणारी. घरं, कुंपणं, चर्च, सगळं त्या गारेचं. बाजाराजवळच्या सेंट पीटर्स चर्चला तर गावकरी 'काळं चर्च'च म्हणतात. बाबा भिंतीवरून हात फिरवत चालत होते आणि मला वाटलं, आता हे प्रत्येक भिंतीपाशी थांबणार. थांबलेच.

किंग स्ट्रीटवर किंग्ज हाउससमोर पेन उभा आहे. सोन्याचा मुलामा दिलेला ब्राँझचा पुतळा, एका हातात लेखणी, दुसऱ्या हातात 'राइट्स ऑफ मॅन'. तेव्हाचे रॉयल अकादमीचे अध्यक्ष चार्ल्स व्हीलर यांनी तो घडवला आणि १९६४ साली तो इथे बसला. बाबांनी चष्मा पुसून नीट पाहिलं आणि म्हणाले, "अगं, पुस्तक उलटं धरलंय." खरंच उलटं आहे. तुम्ही गेलात की मुखपृष्ठावरची अक्षरं जरूर बघा. आणखी एक सांगते. हा पुतळा गावाने वर्गणी काढून उभारलेला नाही, न्यूयॉर्कच्या पेन फाउंडेशनने दिला. त्याच्या जन्मस्थळाजवळ व्हाइट हार्ट स्ट्रीटवर एक पाटी आहे, तीही दुसऱ्या महायुद्धात जवळच्या तळावर असलेल्या अमेरिकन वैमानिकांनी १९४३ साली लावलेली. आपल्या गावात जन्मलेल्या माणसाची आठवण समुद्रापलीकडच्या लोकांनी आणून द्यावी, हे मला फार लागलं.

पण गावाला दोष देण्याआधी तेव्हाचं गाव समजून घ्यावं. पेन १७३७ साली इथे जन्मला. वडील जोसेफ क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे, धंदा बायकांच्या आवळ अंतर्वस्त्रांचा. व्हेलच्या तोंडातल्या लवचीक पट्ट्या कापडात शिवून ती बनवत. आई फ्रान्सिस वकिलाची मुलगी, अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चची. म्हणजे घरातच दोन धर्ममतं. पोरगा इथल्या ग्रामर स्कूलमध्ये शिकला (शाळा अजून चालू आहे, बाहेरून पाहता येते) आणि तेरा वर्षांचा झाल्यावर बापाच्या हाताखाली शिवायला बसला. गावातून संसदेत दोन खासदार जात, आणि त्यांना निवडणारे किती? महापौर, दहा बर्जेस आणि वीस कॉमनर, म्हणजे नगरसभेचेच सभासद. एकतीस माणसं! बाकीच्या गावाने बघत राहायचं, आणि त्या एकतिसांवर वजन जवळच्या यूस्टनच्या ड्यूक ऑफ ग्राफ्टनचं. दर वसंतात नॉरफकचं फौजदारी न्यायालय इथे भरे, चोरीमारीसाठीही फाशी होई आणि फासाची टेकडी गावाच्या उशालाच होती. लहानपणी हे पाहिलेल्या माणसाने पुढे राजा कशाला हवा असं विचारलं, यात मला नवल वाटलं नाही.

पुढचं बहुतेकांना माहीत असतं. १७७४ साली तो अमेरिकेला गेला, १७७६च्या जानेवारीत 'कॉमन सेन्स' लिहिलं, १७९१-९२ मध्ये 'राइट्स ऑफ मॅन'चे दोन भाग आले आणि इंग्लंडमध्ये त्याच्यावर राजद्रोहाचा खटला चालला. बाबांना मात्र दुसऱ्या भागातले आकडे पाठ आहेत. पुतळ्यासमोरच्या बाकावर बसून त्यांनी मला ते ऐकवले. पन्नाशी ओलांडलेल्या गरिबाला वर्षाला सहा पौंड, साठीनंतर दहा पौंड आणि गरीब घरातल्या चौदा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे चार पौंड. ते पैसे घेणाऱ्या आईबापांनी मुलांना लिहायला-वाचायला शिकवायचं. "भीक नाही, हक्क आहे असं तो लिहितो," बाबा म्हणाले. "माझी पेन्शन त्याच विचारातून आलेली. १७९२ साली!"

आणि जोतीराव. पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेतलं शिक्षण संपवलं त्या वर्षी, १८४७ मध्ये, विशीतल्या जोतीरावांनी आणि त्यांच्या मित्रांनी हे पुस्तक वाचलं. पुढच्याच वर्षी भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. एका पुस्तकामुळे शाळा निघाली असं म्हणणं जोतीरावांवर अन्याय होईल. त्यांनी जे सोसलं होतं ते त्यांच्याच मातीतलं. पण पेनने सृष्टीचा उगम म्हणून एकच देव मानला आणि देवाच्या नावाने दुकान मांडणारे नाकारले, आणि जोतीरावांचा 'निर्मिक'ही तसाच, मधला दलाल नसलेला. बाबांनी पुतळ्याच्या चौथऱ्याला हात लावून नमस्कार केला. शेजारून जाणाऱ्या दोन शाळकरी मुली थांबून बघत राहिल्या. बाबांनी त्यांना बोलावून भारतातल्या पहिल्या मुलींच्या शाळांपैकी एकीची गोष्ट सांगितली. त्या ऐकत उभ्या राहिल्या, चांगली पाच मिनिटं.

जेवण आम्ही बाजारचौकाजवळ केलं. बाजार आता लहान आहे. भाजी, मासळी, कपडे, फोनची कव्हरं. पण माणसं पाहण्यासारखी. १९५०च्या दशकात पाच हजारांच्या आसपास असलेलं हे गाव लंडनची गर्दी हलवण्याच्या योजनेत वाढलं. कारखाने आले, वसाहती आल्या, आज वस्ती पंचवीस हजारांच्या घरात आहे. १९९०च्या दशकाच्या शेवटी पोर्तुगीज आले, मग पोलिश आणि लिथुआनियन. सगळं गोडीगुलाबीने झालं असं नाही. २००४च्या युरो स्पर्धेत इंग्लंड पोर्तुगालकडून हरलं, त्या रात्री इथल्या एका पोर्तुगीज पबवर जमाव चालून गेला होता. आम्ही ज्या पोर्तुगीज कॅफेत शिरलो तिथे आता इंग्रज आजीआजोबा कस्टर्डच्या छोट्या टार्टसाठी रांगेत होते. काउंटरवरच्या बाईंनी पाव दिला आणि बाबांनी त्यांना सांगितलं की आम्हीही ह्याला पावच म्हणतो. मग बटाटा, चावी, घमेलं, पगार, अननस अशी यादी सुरू झाली आणि बाई प्रत्येक शब्दाला हसून मान डोलवत होत्या. तिथेच खा. स्वस्त आहे आणि पोट भरतं.

ह्या गावाने आणखी एक गोष्ट लवकर केली आहे. बहामातल्या इनाग्वा बेटावर जन्मलेले ॲलन ग्लेझर मिन्स हे डॉक्टर १९०४ साली थेटफर्डचे महापौर झाले. ब्रिटनमधले ते पहिले कृष्णवर्णीय महापौर मानले जातात. गावात त्यांची पुतळ्याइतकी चर्चा नाही, ती व्हायला हवी असं मला वाटतं.

व्हाइट हार्ट स्ट्रीटवरचं एन्शंट हाउस म्हणजे १४९०च्या सुमाराचं ओकच्या वाशांचं व्यापाऱ्याचं घर. आत शिरताना मान वाकवा आणि छताच्या कोरीव तुळया बघायला विसरू नका. हे घर गावाला दिलं प्रिन्स फ्रेडरिक दलीपसिंग यांनी. महाराजा रणजितसिंगांचा नातू! जुन्या वास्तूंचं आणि नॉरफकच्या इतिहासाचं त्यांना वेड होतं. १९२१ मध्ये घर दिलं, १९२४ मध्ये संग्रहालय उघडलं, १९२६ मध्ये ते वारले. जवळच्या टेकडीवर १९७९ साली सापडलेल्या रोमन सोन्याच्या खजिन्याची माहितीही इथे आहे. मूळ खजिना लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये. तासभर ठेवा.

तिथून नदीकडे उतरलं की बटन आयलंड. थेट आणि लिटल ऊझ या नद्या इथे भेटतात, आणि बेटावर घोड्यावर बसलेले महाराजा दलीपसिंग, रणजितसिंगांचे चिरंजीव आणि फ्रेडरिक यांचे वडील. डेनिस डटन या शिल्पकार बाईंचं काम, १९९९ साली तेव्हाच्या प्रिन्स चार्ल्सनी अनावरण केलेलं. मी फोटो काढत होते. बाबा गप्प होते. मग म्हणाले, "हा राजा आपल्या नाशिकला येऊन गेलाय. ठाऊक आहे तुला?"

मला ठाऊक नव्हतं. पाचव्या वर्षी गादीवर बसवलेलं पोर. आईला, राणी जिंदकौरला, त्याच्यापासून तोडलं. १८४९ मध्ये इंग्रजांनी पंजाब खालसा केला, कोहिनूर गेला, मुलगा ख्रिस्ती झाला आणि १८५४ मध्ये इंग्लंडला आणला गेला. मायलेकांची भेट तेरा वर्षांनी, १८६१ मध्ये कलकत्त्याला. तो आईला इंग्लंडला घेऊन आला आणि १८६३ मध्ये ती लंडनला वारली. दहन हिंदुस्थानात व्हावं म्हणून १८६४ मध्ये तो देह घेऊन मुंबईला उतरला. पंजाबात जायची परवानगी मिळाली नाही. मग अग्नी दिला तो नाशिकला, गोदावरीच्या काठी. तिथे त्याने लहानशी समाधीही बांधली. पुढे १९२४ मध्ये त्याची मुलगी बांबा हिने आजीच्या अस्थी लाहोरला, रणजितसिंगांच्या समाधीत नेल्या. "लाहोरला जाऊ दिलं नाही म्हणून गोदावरी," बाबा म्हणाले. "आणि आपण घाटावर लहानाचे मोठे झालो, कुणी सांगितलं नाही."

मग एल्व्हडेनला जाणं आलंच. दलीपसिंगांनी १८६३ मध्ये घेतलेली ही जहागीर थेटफर्डपासून सहा-सात किलोमीटरवर आहे. बसच्या भरवशावर राहू नका. टॅक्सी सकाळीच ठरवा आणि परतीची वेळही तेव्हाच सांगून ठेवा. आम्ही आयत्या वेळी फोन करत बसलो आणि त्यात पाऊण तास गेला. हवेली खासगी आहे, आत जाता येत नाही, फाटकाशी घुटमळू नका. महाराजांच्या पश्चात ती गिनेस घराण्याने घेतली. जायचं ते चर्चच्या आवारात. पूर्वी गावातून मोठा महामार्ग जात होता. २०१४ मध्ये बाहेरून वळणरस्ता झाल्यापासून शांत आहे.

तीन थडगी शेजारी शेजारी आहेत. दलीपसिंग, पत्नी बांबा (मुलीचंही नाव तेच), मुलगा एडवर्ड. साधे दगड, गवत नीट कापलेलं. १८८६ मध्ये हिंदुस्थानला परतताना एडनला इंग्रजांकडून अडवले गेले असताना महाराज पुन्हा शीख झाले होते, १८९३ मध्ये पॅरिसला वारले आणि पुरले गेले मात्र इथे, ख्रिस्ती पद्धतीने. बर्मिंगहॅमहून आलेलं एक शीख कुटुंब तिथे होतं. आजोबा बाबांच्याच वयाचे. बाबांनी चपला काढल्या, त्यांनीही बूट काढले. बाबांनी त्यांना नाशिकची गोष्ट सांगितली, मोडक्या हिंदीत. आजोबांना जिंदकौरचं दहन नाशिकला झालं हे माहीत होतं, पण नाशिकचा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होता. त्यांनी बाबांचा हात हातात घेतला तो बराच वेळ सोडला नाही.

वेळ उरला तर कॅसल हिल चढा. नॉर्मन काळात उभारलेली मातीची प्रचंड टेकडी, लाकडी पायऱ्या आहेत, पैसे लागत नाहीत. गुडघे दुखत असतील तर खालून पाहिली तरी चालेल, बाबांनी तसंच केलं. क्लूनियाक पंथाच्या ख्रिस्ती साधूंच्या मठाचे अवशेषही फुकट आहेत. बरेल यांच्या कारखान्यातल्या वाफेच्या इंजिनांचं संग्रहालय आणि बीबीसीच्या जुन्या विनोदी मालिकेचं संग्रहालय यांच्या वेळा फार मर्यादित आहेत, आधी पाहून जा. गारेच्या प्राचीन खाणी, ग्राइम्ज ग्रेव्ह्ज, बघायच्या तर गाडी हवी आणि आणखी अर्धा दिवस. पाऊस धरून चला. चर्चच्या आवारात गवत ओलं असतं.

बाबा परत जाऊन तीन आठवडे झाले. रोज संध्याकाळी रामकुंडाकडे फिरायला जातात आणि जुन्या माणसांना विचारतात, पंजाबच्या राणीची समाधी कुठे होती. पंचवटीच्या बाजूला की अलीकडे? काल एका वयस्कर गुरुजींनी त्यांना उद्या या म्हणून सांगितलंय. वाचणाऱ्या नाशिककरांपैकी कुणाला घरात ऐकलेलं काही आठवत असेल तर मला जरूर कळवा. मी बाबांना फोन करून सांगेन.