डबा घरचा, जागा आमची

अक्कलकोट रस्त्यालगत आमची थोडी जमीन आहे, निम्मी काळी आणि निम्मी माळाची. काळ्या रानात ज्वारी यायची. माळावर शेळ्यांशिवाय कुणी फिरकत नसे. आता घरखर्च निघतो तो माळावर, सहलीला आणि खेळायला येणाऱ्या माणसांवर.

तिकीट लावून माणसं शेतावर बोलवायची हे आबांना पटणारं नव्हतं, कारण माणसं तशीही यायचीच. मार्गशीर्षातल्या वेळा अमावस्येला, म्हणजे आमच्या येळवसीला, सोलापूर, लातूर, धाराशिव या पट्ट्यात शहरं ओस पडतात आणि रानं भरतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करून पूजा, मग भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. ज्याचं रान नाही त्याला हाताला धरून जेवायला बसवायचं. आबांनी एवढंच बजावलं, "वर्षभर कायबी कर, येळवसीला गल्ला उघडायचा न्हाई." त्या दिवशी आमचं फाटक अजूनही सगळ्यांना मोकळं असतं.

सुरुवात हुरड्यापासून केली. गुळभेंडीचं, म्हणजे हुरड्याच्या ज्वारीचं, कणीस दुधात असतं ते मोजके दिवस. मग दाणा टणक होतो आणि चोळून सुटत नाही. म्हणून आम्ही ज्वारी एकदम पेरत नाही. आठवड्याच्या अंतराने तुकडे पाडतो, म्हणजे डिसेंबरपासून जानेवारीअखेर कुठला ना कुठला तुकडा हुरड्यावर असतो. राखण जीव खाते, पाखरांना आमचं वेळापत्रक पाठ असतं. आगटी शेणाच्या गोवऱ्यांचीच हवी. ताटात शेंगाचटणी, गूळ, दही, रेवड्या. हे सगळं छान चाललं, पण हंगाम संपला की आम्ही पुन्हा रिकामे. शिवाय हुरड्याचं ताट घेणारा माणूस गाडीतून येणारा. रिक्षातून सहाजण बसून येणाऱ्याचं काय?

सोलापूर हे कामगारांचं गाव. यंत्रमागावर उभं राहणारी, घरी सूप मांडीवर घेऊन विड्या वळणारी, गणवेश शिवणारी माणसं. घरात मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी यांतलं काहीही बोलतील, पण रविवारी पोरांना घेऊन कुठे जायचं हा प्रश्न सगळ्यांचा एकच. माणशी ताटाचा दर सहाने गुणला की सहल तिथेच रद्द होते. तेव्हा आमच्या वहिनीने सुचवलं, घरचा डबा आणू द्या. आपण फक्त माणशी प्रवेश घ्यायचा, तोही बसच्या तिकिटासारखा. सावली, प्यायचं पाणी, झोके, चूल आपली. लाकडं हवी असतील तर वेगळे पैसे. आषाढात लोक मटण आणि पातेली घेऊन येतात, आखाड इथेच करतात आणि भांडी घासून नेतात.

ओळखीचे धंदेवाले हसले. लोक भाकरी घरून आणणार, मग तू काय विकणार? चहा, भजी, बर्फाचा गोळा विकतो. डबा घेऊन आलेलं कुटुंब पाच-सहा तास थांबतं आणि पाच-सहा तासांत पोरं काहीतरी मागतातच. बाहेरचं खाणं आणू नये अशी पाटी लावणाऱ्यांचा हिशेब मला कधी कळला नाही.

सगळ्यात जास्त पैसा कशावर घातला असेल तर बायकांच्या स्वच्छतागृहांवर. कडी लागते का, पाणी आहे का, दिवा आहे का, हे पाहूनच घरातली बाई पुन्हा यायचं की नाही ते ठरवते. पुतण्याने हट्टाने बांधून घेतलेल्या सिमेंटच्या बदामाकृती कमानीला फोटोपुरती गर्दी असते, बाकी त्याबद्दल मी बोलत नाही. पोहण्याचा तलाव मात्र ठाम नाकारला. ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, तिथे पाण्याचा असा देखावा करायला मन धजावलं नाही, आणि बोअरचाही भरवसा नाही.

माळावर आधी आलं खो-खोचं मैदान. आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात चिकटते. तिच्यावर मैदान टिकत नाही. माळाला मुरूम होताच. त्यावर चाळलेली तांबडी माती, पाणी, रोलर, पुन्हा पाणी. सत्तावीस बाय सोळा मीटरची आखणी, दोन्ही टोकांना कमरेहून थोडे उंच, गुळगुळीत खांब. जवळच्या शाळांची पोरं सकाळी सरावाला येतात. त्यांच्याकडून आम्ही काही घेत नाही. शेजारच्या धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हापासून मुलींची संख्या वाढलेली दिसली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीतल्या पहिल्या विश्वचषकात भारताच्या दोन्ही संघांनी नेपाळला हरवलं, आणि दोन्ही कर्णधार, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचे. त्यानंतर तर पालकच विचारायला लागले, "सर, आमच्या पोरीला घेता का?" मी सर नाही. मी मैदानावर पाणी मारणारा माणूस आहे.

या फुकटच्या मैदानाचा खर्च टर्फ उचलतं. बँकेचं कर्ज काढून बॉक्स क्रिकेटचं एक टर्फ टाकलं. खाली खडी आणि कच, वर प्लॅस्टिकचं गवत, त्यात सिलिका वाळू आणि रबराचे दाणे, चारी बाजूंनी आणि वरून जाळी. ठेकेदार म्हणत होता, सगळा माळ हिरवा करून टाका. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये दुपारी त्या गवतावर अनवाणी पाय ठेवून दाखवावा, मग बोलावं. उन्हाळ्यात टर्फ सकाळी नऊपर्यंत आणि मग दिवे लागल्यावरच चालतं. कापड दुकानातली, मेडिकलवरची पोरं शटर ओढून दहाला येतात आणि तासाचे पैसे आपसात वाटून घेतात. विजेचं बिल व्यापारी दराने येतं, त्यामुळे तास संपला की दिवे बंद, मग शेवटची ओव्हर राहिली असली तरी. यावरून शिव्याही खाल्ल्या आहेत.

टर्फवाल्या पोरांचेच आईवडील पुढे रविवारी डबे घेऊन आले. तसं ठरवून काही केलं नव्हतं.

सध्या कबड्डीच्या मॅटसाठी पैसे बाजूला टाकतोय. स्पर्धा आता मॅटवर होतात आणि मातीत तयार झालेली पोरं पहिल्याच चढाईला बूट घालून अडखळतात. पुरुषांचं तेरा बाय दहाचं पूर्ण मैदान झाकायचं म्हटलं तर नव्या मॅटचा भाव झेपत नाही; एका क्लबची वापरलेली मॅट बघून आलोय. तुकड्यांचे दाते काही ठिकाणी झिजलेत, म्हणून भाव पाडून मागतोय. आबा म्हणतात, दिवाळीपर्यंत थांब, क्लबवालाच फोन करील.