मुलांना घेऊन मोंते अल्बान आणि मित्ला

मेक्सिको म्हटलं की आपल्याकडची बहुतेक मंडळी कान्कूनचा समुद्र गाठतात. आम्ही ह्यूस्टनहून थेट विमानाने दक्षिण मेक्सिकोतल्या वाहाका (Oaxaca) शहरात गेलो. आम्ही दोघं, बारा वर्षांची लेक, सात वर्षांचा चिरंजीव आणि सासूबाई. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असला की मेक्सिकोचा वेगळा काढावा लागत नाही, त्यामुळे आजींनाही सहज नेता आलं.

झापोटेक या इथल्या मूळ लोकांची जुनी राजधानी मोंते अल्बान, वाहाका शहरापासून अर्ध्या तासावर, खोऱ्याच्या वर सुमारे ४०० मीटर उंच डोंगरावर आहे. इ.स.पू. ५०० च्या सुमारास त्यांनी ती वसवली आणि पुढे माथा सपाट करून जवळपास ३०० मीटर लांबीचा चौक केला. या चौकात सावली नावालाच आहे. सकाळी उघडतानाच पोहोचा. टोप्या आणि भरपूर पाणी हवंच, आणि स्वच्छतागृह प्रवेशाजवळच उरकून घ्या. रविवारी मेक्सिकन नागरिकांना प्रवेश मोफत असतो, म्हणजे गर्दीही तेवढीच. पावसाळ्यात (साधारण मे ते ऑक्टोबर) दुपारी सरी येतात, तेव्हाही सकाळच बरी.

मुलांना इतिहास सांगत बसू नका, शोधायला काहीतरी द्या. आमच्या लेकीला बाकीच्या इमारतींपेक्षा तिरकी उभी असलेली एक इमारत शोधायला सांगितली होती. ती म्हणजे बाणाच्या टोकासारखी ‘जे’ इमारत. चेंडूच्या मैदानाच्या उतरत्या बाजू पाहून चिरंजीवांना त्या प्रेक्षकांच्या पायऱ्या वाटल्या. तिथे कुणी बसत नसे. पूर्वी त्यांवर गिलावा होता आणि रबरी चेंडू त्यांवरून खेळवला जाई, हे ऐकल्यावर पुढचा बराच वेळ त्याचा कमरेने काल्पनिक चेंडू मारण्यात गेला.

‘दान्सान्तेस’च्या (म्हणजे ‘नर्तकां’च्या) कोरीव शिळांपाशी जाण्याआधी मात्र काय सांगायचं ते ठरवून ठेवा. वाकड्यातिकड्या हातापायांच्या या नग्न आकृत्या आधी नर्तकांच्या समजल्या गेल्या, आज बहुतेक अभ्यासक त्यांना ठार मारलेले कैदी मानतात. “यांचे डोळे का मिटलेत?” हा प्रश्न आला. आम्ही खरं तेच सांगितलं, तपशील गाळून. चौकात ‘जुन्या’ मूर्ती विकणारे भेटतात. त्या नकला म्हणून आवडल्या तर घ्या. खऱ्या पुराणवस्तू नेणं गुन्हा आहे.

आजींचे गुडघे आणि मुलांचा उत्साह दोन्ही पाहता मला मित्ला हे झापोटेकांचं दुसरं जुनं ठिकाण जास्त आवडलं. वाहाकापासून साधारण ४५ किलोमीटर, बहुतेक सपाट, आटोपशीर. भिंतींवर कापीव दगडाचे तुकडे चुन्याशिवाय बसवून केलेली भौमितिक नक्षी आहे. “अगं, हे तर लुगड्याचे काठ!” आजी म्हणाल्या आणि मुलं वेगवेगळे काठ मोजायला धावली. वाकून आत जाता येतं अशी थडगीही आहेत, उघडी असली तर सोडू नका. शेजारचं चर्च जुन्या वास्तूंवर, त्यांचेच दगड वापरून उभं केलंय. ते पाहून लेकीला आलेला राग मला योग्यच वाटला.

वाटेत तूले गावातलं प्रचंड सायप्रसवर्गीय झाड लागतं, तिथे थांबाच. खोडाच्या गाठींत प्राणी शोधत मुलं रमतात. ‘इएर्वे एल आग्वा’ (खनिज झऱ्यांनी बनलेले, गोठलेल्या धबधब्यासारखे दिसणारे कडे) मात्र याच दिवसात कोंबू नका.

शाकाहाऱ्यांसाठी: त्लायुदा हा मोठा कुरकुरीत मक्याचा पापड, पण त्यावर डुकराची चरबी फासतात. ‘सिन असिएन्तो, सिन कार्ने’ (ती चरबी नको, मांस नको) असं आधीच सांगा, आणि घेवड्यात ‘मान्तेका’ (डुकराची चरबी) आहे का तेही विचारा. लेकीने बाजारात तळलेले नाकतोडे लिंबू पिळून खाल्ले. आजींनी तिकडे पाठ केली.

मोंते अल्बानच्या थडगं क्रमांक ७ मधलं सोनं आणि स्फटिकाचा पेला, जे पुरातत्त्वज्ञ आल्फोन्सो कासो यांना १९३२ मध्ये सापडले, ते आता तिथे नाहीत. ते वाहाका शहरातल्या सान्तो दोमिंगो या जुन्या मठातल्या संग्रहालयात आहेत. त्या संग्रहालयात वेगळ्या दिवशी जा, सोमवार टाळून.