तुम्ही विचारलंत म्हणून: एकही दगड ठेवला नाहीत?

आमचा शिळाप्रेस होता, म्हणजे दगडावर चित्र काढून त्यावरून कागदावर छापायचा छापखाना. लग्नात विचारतात, परवा बँकेच्या लायनीत पण एकाने विचारलं. "तुमच्या शिळाप्रेसचा एकही दगड ठेवला नाहीत?" आणि वर ती "अरेरे" करून मान हलवणं.

शिळाप्रेस म्हटलं की लोकांना पुण्याचा १८७८ चा चित्रशाळा छापखाना नाहीतर चित्रकार राजा रविवर्म्याचा मळवलीचा प्रेसच आठवतो, देवदेवता, पेशवे यांची चित्रं वगैरे. आमच्याकडे लेबलं व्हायची हो. केसाचं तेल, उदबत्ती. आणि दगडावरचं चित्र ठेवण्यासाठी नसतंच मुळी, काम झालं की घासायचं आणि त्याच दगडावर पुढचं काढायचं, पार बव्हेरियाहून आलेला महागाचा दगड कोण अडकवून ठेवणार?

हे आत्ता सांगतोय. तेव्हा मीच भांडलो होतो. मळवलीचा प्रेस १९७२ ला जळला त्यानंतर काही वर्षांची गोष्ट, ऑफसेटच्या नव्या छपाई मशीनपुढे आमचा निभाव लागेना, दगड विकायचे ठरले. आदल्या दिवशी बाबा घासायला बसले. तेलाच्या लेबलावरची बाई, सात रंगांचे सात दगड, त्यातला मुख्य रेघांचा दगड शेवटी घेतला. वर वाळू, पाणी, त्यावर दुसरा दगड पालथा घालून गोल गोल. राखाडी पाणी मोरीत चाललेलं. मेणचट शाई दगडात मुरते, त्यामुळे ती बाई लवकर जाईना, केस गेले, नाक गेलं, डोळे मात्र पुसट तसेच. मी ओरडलो, बाबा निदान हा तरी राहू द्या! हात न थांबवता म्हणाले, "गिऱ्हाइकाचं लेबल आहे. उद्या कोणी यावरून नकली छापलं तर? आणि हा याआधी वीसेक वेळा घासलाय, तेव्हा कुठे होतास?"

डोळे जाईपर्यंत घासलं त्यांनी. मी जेवलो नाही त्या रात्री.

पण खरं सांगायचं तर त्याच पैशातून माझी लूना आली, आणि ती मी नको म्हटली नाही. हे बँकेच्या लायनीत कसं सांगणार?

धाकटा भाऊ म्हणतो, कडेला तडा गेलेला एक दगड कोणी घेतला नव्हता, तो मागे धुणं धुवायला टाकला होता. असेलही. वाडा पाडला तेव्हा मी तिथेच उभा होतो, बिल्डरच्या माणसाशी पार्किंगवरून वाद घालत. उलटा करून बघायचं सुचलं नाही. बघून तरी काय, कोराच असणार.