अमेरिकेतून आलेलं ड्रिल आणि आपलं २३० व्होल्ट

अमेरिकेहून कुणी ड्रिल, मिक्सर किंवा ग्राइंडर आणला की सोलापुरात पहिली शोधाशोध होते ती पिनेच्या अडॅप्टरची. पण अडॅप्टरने फक्त पिन बदलते. तिकडचा घरगुती पुरवठा १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपला २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ.

आधी मशिनवरची पट्टी वाचा. ‘१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असेल तर चिंता नाही. लॅपटॉपचे चार्जर बहुधा असेच असतात. कॉर्डलेस ड्रिलचा चार्जर मात्र तपासल्याशिवाय लावू नका, तिकडचे पुष्कळ चार्जर नुसते १२० व्होल्टचे असतात.

पट्टीवर फक्त १२० लिहिलंय? मग आत काय आहे त्यावर सगळं ठरतं. तापणाऱ्या कॉइलची वस्तू असेल तर वॅट व्होल्टेजच्या वर्गाने वाढतात, म्हणजे व्होल्ट दुप्पट तर वॅट चौपट. १५०० वॅटची किटली २३० वर साधारण ५५०० वॅट ओढू पाहते आणि कॉइल जळते. अशा वस्तूसाठी २३० चे १२० व्होल्ट करणारा भला मोठा ट्रान्सफॉर्मर घेण्यापेक्षा इथलीच किटली घ्यावी.

हातातलं ड्रिल, ग्राइंडर, मिक्सर यांत कार्बन ब्रशची मोटर असते. तिला हर्ट्झचा फारसा फरक पडत नाही. १२० व्होल्ट मिळाले की झालं. फ्रिज, कॉम्प्रेसर, बेंच ग्राइंडर यांत सहसा बिनब्रशची इंडक्शन मोटर असते, आणि खरी अडचण तिथे आहे. १२० व्होल्ट दिले तरी ५० हर्ट्झवर तिचा वेग पाच-षष्ठांश होतो, गाभ्यातलं चुंबकत्व वाढतं आणि वाइंडिंग तापतं. ट्रान्सफॉर्मरने हर्ट्झ बदलत नाहीत. त्यामुळे त्या मशिनवर पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

ड्रिलसाठी हिशेब असा: पट्टीवर ७ अँपिअर असेल तर १२० × ७ = ८४० व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर). मोटर सुरू होताना जास्त करंट ओढते, म्हणून १५०० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर घ्या. पूर्ण लोडवर तो आपल्या बाजूने साडेसहा अँपिअर घेतो, म्हणून सहाच्या नव्हे, १६ अँपिअरच्या सॉकेटला जोडा. ट्रान्सफॉर्मर दोन वेगळ्या वाइंडिंगचा मागा. एकाच वाइंडिंगचा ऑटो ट्रान्सफॉर्मर हलका आणि स्वस्त असतो, पण त्यातली सामाईक वायर तुटली तर पूर्ण २३० थेट ड्रिलवर येतात. प्रवासी सामानात विकले जाणारे मुठीएवढे ‘कन्व्हर्टर’ मोटरला लावूच नका; त्यातले बरेच वीज कापून-कापून देतात.

आणखी एक गोष्ट. ट्रान्सफॉर्मर प्रमाण बदलतो, व्होल्टेज स्थिर ठेवत नाही. उन्हाळ्यात कूलर आणि मोटारी एकदम चालू झाल्या आणि घरात १९० आले, तर ड्रिलला ९९ मिळतील. २५० आले तर १३०. म्हणून मल्टिमीटरने आउटपुट मोजायचं ते ड्रिल चालू असताना, मोकळं नाही. लांब वायरीतही व्होल्टेज पडतं: १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची ३० मीटर वायर १० अँपिअरला सुमारे ७ व्होल्ट खाते. २३० पैकी ७ चालून जातात, १२० पैकी जाणवतात. म्हणून ट्रान्सफॉर्मर ड्रिलजवळ ठेवा आणि लांब वायर त्याच्या आधी, २३० च्या बाजूला घ्या.

यंत्रमागाच्या शेडमध्ये वापरणार असाल तर ट्रान्सफॉर्मरच्या पेटीच्या जाळीत सुताचं तूस बसतं आणि हवा अडते. दर आठवड्याला, पिन काढून, ब्रशने साफ करा.